लोकेशन चालू करा

देवगड बंदरावरून वर येणाऱ्या रस्त्याला,
बर्फाच्या कारखान्याला लागून माझं दुकान.
सहा बाय आठ. पाटीवर नाव भावाचं,
स्क्रू ड्रायव्हर माझा.

मला विचाराल तर फोनचे दोनच प्रकार:
स्क्रूने बंद होतात ते, आणि डिंकाने.
स्क्रूवाल्याला मी मान देते.
त्याला ठाऊक असतं, आपण कधीतरी बिघडणार.
डिंकवाला मेला तरी तोंड उघडत नाही;
तापवून, पत्र्याने खरवडून
आत शिरावं लागतं चोरासारखं,
आणि आत तोच हिरवा बुरा,
खाऱ्या वाऱ्याने धरलेला,
साठ हजारांच्यालाही, सहा हजारांच्यालाही.
कंपनीच्या कागदावर असतं, पाण्यात चालतो.
कुठल्या पाण्यात, ते नसतं.

कॉम्प्युटरवर अजून जुनीच सिस्टिम ठेवलीय.
रोज विचारतो, नवी आता घालू की रात्री घालू?
'नको' असं बटणच नाही त्यात.
असा माणूस असता तर
ओट्यावर बसू दिला नसता मी.

आषाढात, बोटी वर ओढलेल्या असताना,
मोतीराम तांडेल आला मशीन घेऊन.
बारा वर्षांचा जीपीएस, काचेवर खवलं सुकलेलं,
पडदा अर्धा काळा.
"गो बाय, ह्यातली ठिकाणां ह्या फोनात घाल.
झिलान घेवन दिल्यान."

एकशे सत्तावीस ठिकाणं.
आकड्यांशेजारी त्याने ठेवलेली नावं:
कोल्हो. मेव्हणो. बापाशीचो खडप. उधारी.
'उधारी' का, ते विचारलं नाही.
यातली निम्मी बापाकडून आलेली, आकड्यांशिवाय:
दीपगृह माडाआड गेलं
आणि डोंगराची सोंड उघडी पडली, की गळ सोड.
तो माड तोडला. तिथे टॉवर आला.
टॉवर माडाहून उंच, खूण लांबून दिसते,
तेवढा उपयोग आहे त्याचा.
रेंज बंदरावर अजून येते-जाते.

नवा फोन उघडला. ॲप म्हणालं, लोकेशन चालू करा.
म्हणालं, खातं काढा.
म्हणालं, तुमच्या आवडत्या जागा मित्रांना दाखवूया.
मी मोठ्याने वाचलं.
तांडेल हसला, मग हसायचा थांबला.
"सख्ख्या भावाक सांगूक नाय चाळीस वर्सां,
आणि ह्येका सांगू? ह्यो खंयचो?"

मला तरी कुठे माहीत.
मी अटी उघडल्या, अंगठा सरकवत राहिले
खाली, आणखी खाली,
गाव काही सापडलं नाही.

मग मुलीची वही काढली, गणिताची, चौकटींची.
तीन दुपारी तो मशीनवर हाताची सावली धरून बसला,
मी आकडे उतरवले.
बर्फाचा टेम्पो आला की
वही झाकायचो दोघंही, न ठरवता.

जाताना मला आठवलं:
पहिल्या दिवशी नऊ ठिकाणं मी फोनात घालून बघितली होती.
पुसली. फोन म्हणाला, कचऱ्यात हलवली आहेत,
तीस दिवस जपून ठेवू.
"पुसलंस?"
"तीस दिवसांनी पुसली जातील."
तो माझ्याकडे बघत राहिला,
जशी मीच ठेवून घेतली होती.

मजुरी घेणार नव्हते. गोपाळकाल्यानंतर
सरंगा आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
कुठला, ते त्याने सांगितलं नाही.

खरं तर एक ठेवलंय मी.
'उधारी'चे सगळे आकडे पाठ झालेत,
खोबरं किसताना येतात, आपोआप.
मला होडी नाही. पोहता येत नाही.
आणि कोणी विचारलंच,
तर मी डिंकवाली.